धागा: 'हा माणूस कसा वाटतो?' या संशोधनासाठी गावातल्यांचे फोटो काढून द्यायचे का?

दारव्हेकरीण

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय आणि दारव्हा तालुक्यात माझ्या गावीच राहते. एका विद्यापीठाच्या प्रकल्पात गावपातळीवर मदतनीस म्हणून काम चालून आलंय. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण मला त्यांची बदनामी करायची नाही, सल्ला हवाय.

काम असं. गावातल्या सज्ञान बाया-माणसांचे फोटो काढायचे. मागे पांढरा पडदा, टोपी-रुमाल काढलेला, पदर डोक्यावरून खाली घेतलेला, चेहऱ्यावर हसू नको, राग नको. हे फोटो शहरातल्या अनोळखी लोकांना मोबाईलवर दाखवणार आणि ते प्रत्येक चेहऱ्याला १ ते ७ गुण देणार: विश्वासू वाटतो का, कष्टाळू वाटतो का, तापट वाटतो का. शेवटचा प्रश्न, 'या माणसाला तुम्ही ५० हजार रुपये उसने द्याल का?'

विषय महत्त्वाचा आहे, यात मला शंका नाही. अनोळखी चेहऱ्याबद्दल आपलं मत बनायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो, हे प्रिन्स्टनच्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सिनेटच्या उमेदवारांचे नुसते फोटो लोकांना दाखवले आणि जास्त कर्तबगार कोण वाटतो ते विचारलं. जवळपास ७० टक्के लढतींत तोच उमेदवार निवडून आलेला होता. २०१५ चा विल्सन आणि रूल यांचा अभ्यास तर झोप उडवणारा आहे. फ्लोरिडात खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांपैकी ज्यांचे चेहरे कमी विश्वासू वाटले, त्यांच्यात जन्मठेपेऐवजी फाशीचं प्रमाण जास्त निघालं. आणि जे पुढे निर्दोष ठरून सुटले, त्यांच्यातही तेच दिसलं. म्हणजे हातून काही घडलेलं नसताना तोंडावरून फास जवळ आला. हे कुणीतरी शोधून काढायलाच हवं होतं.

मग मला खटकतंय कुठे? संमतीपत्रात एवढंच लिहिलंय की 'हा चेहऱ्यांच्या आकलनाचा अभ्यास आहे, फोटो गोपनीय राहतील.' अनोळखी माणसं तुमचं तोंड पाहून तुम्हाला लबाड ठरवतील, हे त्यात कुठेच नाही. गुण देणाऱ्यांचं संमतीपत्र चार पानांचं आहे, मधेच थांबायचा हक्क, तक्रार कुठे करायची, सगळं त्यात आहे. ज्याचा चेहरा आहे त्याला मात्र अर्धं पान. त्यांच्या लेखी गुण देणारा म्हणजे 'सहभागी' आणि आमच्या गावचा माणूस म्हणजे 'साहित्य'.

मी हे काम घ्यावं का? घेतलं तर कोणत्या अटींवर?

---

धुऱ्यावरचा

ताई, घ्या काम. मी सांगतो काहून ते.

जून महिन्यात कृषी केंद्रात उधारीवर बियाणं-खत मागायले जा. काउंटरवरचा माणूस सातबारा नंतर पाहते, तोंड आधी. माह्या बाजूले उभा असलेल्या माणसाले दोन बॅगा डीएपी उधार भेटते आन् मले 'माल संपला' म्हणते. वावर दोघायचं सारखंच, मागची बाकी दोघायची चुकती. तो गोरागोमटा, दाढी केलेला. मी उन्हानं करपलेला, समोरचे दोन दात पडलेले. गटाच्या कर्जावाला साहेब असाच, बँकेतला असाच. अशी गोष्ट कोणी मोजून कागदावर आणून राह्यला असन तं आणू द्या. आमी बोंबललो तं कोणी आयकत नाही, आकडा आयकतीन.

---

निवृत्त_गणित

धुऱ्यावरचा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. उरलेला निम्मा भाग जरा विस्ताराने लिहितो, कारण या विषयाला वाईट इतिहास आहे.

दोन प्रश्न आधी वेगळे करू. पहिला: लोक चेहऱ्यावरून काय समजतात? दुसरा: चेहऱ्यावरून माणूस खरंच कळतो का? पहिला माणसाच्या पूर्वग्रहाचा अभ्यास आहे. दुसऱ्यापायी दोनशे-अडीचशे वर्षांत पुष्कळ नासधूस झाली आहे. इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोने १८७६ मध्ये मांडलं की जन्मजात गुन्हेगार जबड्यावरून, कपाळावरून, कानांवरून ओळखू येतो. ते खोडायला इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंगला हजारो कैद्यांची मोजमापं घेऊन इतरांशी ताडून पाहावी लागली. १९१३ मध्ये त्याने जाहीर केलं की गुन्हेगाराचा म्हणून वेगळा शारीरिक नमुना नाही. मधल्या सदतीस वर्षांत जे भोगायचं ते लोकांनी भोगलं. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली नाकाची रुंदी मोजून जातीची पायरी ठरवत होते.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०१६ मध्ये चीनमधल्या दोन संशोधकांनी १८५६ फोटो संगणकाला देऊन दावा केला की गुन्हेगार कोण ते यंत्र जवळपास ९० टक्के अचूक सांगतं. टोडोरोव्ह आणि गूगलमधल्या दोघांनी त्याची चिरफाड केली. त्या शोधनिबंधात नमुन्याला छापलेले जे थोडे फोटो होते, त्यांत निर्दोष माणसांच्या अंगात पांढऱ्या कॉलरचे शर्ट होते आणि ओठांवर हलकं हसू होतं. गुन्हेगारांच्या फोटोंत ते नव्हतं. यंत्र कदाचित कॉलर आणि ओठ वाचत होतं, आणि निष्कर्ष मात्र चारित्र्याचा निघाला.

आता दारव्हेकरीण ताईंच्या प्रकल्पाकडे या. वरवर तो पहिल्या प्रश्नाचा आहे. पण '५० हजार उसने द्याल का' हा प्रश्न आणि त्याखाली जमलेले हजारो गुण एकदा संगणकात गेले की कर्ज देणारी कुठलीही कंपनी त्यावर यंत्र शिकवू शकते. नवा फोटो टाका, 'पत' बाहेर. कापूस खरेदीला ग्रेडर मूठभर सरकी-कापूस हातात घेऊन भाव पाडतो, तेव्हा निदान ओलावा मोजायचं मीटर असतं, ८ टक्क्यांच्या वर किती ते आपण दाखव म्हणू शकतो. इथे कोणतं मीटर दाखवायला सांगणार?

---

बेड्यावरून

मी पारधी आहे. बी.ए. झालोय, यवतमाळ जिल्ह्यात एका बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर राहतो. सहसा लिहीत नाही इथे, वाचतो फक्त.

तुमच्या या चर्चेत चेहरा हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, म्हणून सांगतो. एसटी स्टँडवर मी बॅग घेऊन उभा असलो की आधी माझी बॅग उघडायला लावतात. आसपास चोरी झाली की बेड्यावर गाडी येते. ठाण्यात एक फोटोंची वही असते. त्यात माझ्या मोठ्या भावाचा फोटो आहे, त्याच्यावर एकही गुन्हा शाबीत नाही. तो फोटो कसा काढलाय सांगू? रात्री उचलून आणलेला, केस विस्कटलेले, अंगात बनियन, फ्लॅश थेट डोळ्यांवर. असा फोटो तुमच्यापैकी कुणाचाही काढा आणि खाली विचारा, 'विश्वासू वाटतो का?'

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. माझ्या आजोबांनी ती हजेरी दिलेली आहे. कायदा गेला, बघणारे डोळे राहिले. म्हणून असा अभ्यास नकोच, असं मी म्हणणार नाही. उलट व्हायला हवा. पण अभ्यास डोळ्यांचा करा, आमच्या तोंडांचा नको.

माझी भीती स्पष्ट मांडतो. या फोटोंसोबत जात-जमात नोंदवणार आहेत का? नोंदवली तर उद्या पेपरात येईल, 'अमुक जमातीचे चेहरे सर्वांत कमी विश्वासू: अभ्यास'. आत शंभर वेळा लिहिलेलं असेल की हा बघणाऱ्यांचा पूर्वग्रह आहे. पण व्हॉट्सॲपवर मथळाच फिरतो. तो मथळा ठाण्यातला जमादार वाचेल, शाळेतले गुरुजी वाचतील, माझी पुतणी ज्या वर्गात बसते तिथली पोरं वाचतील. संशोधकाला त्याचा पेपर मिळेल आणि तिला ते ओझं आयुष्यभर.

---

वर्धाकाठ

मग खरे फोटो घेताच कशाला? आता संगणक कोणाचाच नसलेला चेहरा तयार करून देतो. तो वापरा, प्रश्न मिटला.

---

निवृत्त_गणित

@वर्धाकाठ, बराचसा मिटतो, पूर्ण नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये असंच केलं गेलं. हजारावर कृत्रिम चेहरे, ३४ गुणधर्म, लोकांची दहा लाखांवर मतं. त्यातून जे मॉडेल तयार झालं, ते कोणताही चेहरा जास्त विश्वासू किंवा कमी विश्वासू दिसेल असा बदलून देऊ शकतं. संशोधकांनी स्वतःच बजावलं की हे मॉडेल लोकांचा ग्रह सांगतं, माणसाचं खरेपण नाही. पण यंत्राबरोबर ती सूचना जात नाही. निवडणुकीच्या बॅनरवरचा फोटो त्यातून काढून आणला तर कोणाला कळणार आहे?

दुसरं असं की असे चेहरे बनवणारी यंत्रं खऱ्या चेहऱ्यांवरच शिकतात. यासाठी जो फोटोसंच सर्रास वापरतात, त्यात फ्लिकर या संकेतस्थळावरून उचललेले ७० हजार चेहरे आहेत. त्या माणसांना एकेकट्याने कुणी विचारायला गेलं नव्हतं. आणि शेवटचं, पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात आयुष्य काढलेल्या बाईचा चेहरा त्या यंत्राने पाहिलेला असण्याची शक्यता किती?

---

लॅबमधला

मी अमरावतीकडचा, सध्या याच प्रकारच्या संशोधनात आहे. वरच्या सगळ्या शंका रास्त आहेत, तरी आमची बाजू मांडतो. ऐकून घ्या.

या विषयातलं ज्ञान बहुतांशी अमेरिका-युरोपातल्या विद्यार्थ्यांवरून आलेलं आहे. २०२१ मध्ये ४१ देशांतल्या ११ हजारांहून जास्त लोकांवर मोठा अभ्यास झाला, तेव्हा कुठे ही मतं जगभर सारखी बनतात का हे नीट तपासलं गेलं. आपल्या खेड्यातले चेहरे घेतलेच नाहीत, तर कर्जवाल्याची नजर काय करते हे कधीच सिद्ध होणार नाही. धुऱ्यावरचा दादांनी लिहिलं ते ऐकीव राहील.

अवघड बाब पण सांगतो. २०१२ चा एक अभ्यास आहे, इंटरनेटवरून एकमेकांना कर्ज देणाऱ्या अमेरिकी लोकांचा. विश्वासू दिसणाऱ्यांना कर्ज मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि त्यांनी ते बुडवलंही कमी. हा निष्कर्ष मला आवडत नाही, पण लपवणंही बरोबर नाही. ज्याला जन्मभर लोकांनी विश्वास दिला, संधी दिल्या, त्याची परतफेड सुधारणारच, असा त्याचा अर्थ असू शकतो. ते उलगडायलाच अभ्यास लागतो.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. वंशश्रेष्ठतेच्या मतांचा माणूस. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर काम मिळालं होतं, आणि वंशाशी तिचा संबंध जुळत नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. मोजमाप प्रामाणिक माणसाच्या हाती असलं तर तेच पूर्वग्रह मोडतं. प्रामाणिक माणसांनी हात काढून घेतले, तर मागे कोण उरेल?

संमतीपत्रात सगळं आधीच सांगितलं तर माणूस कॅमेऱ्यासमोर सावरून बसतो, छान दिसायला बघतो, आणि माहिती बिघडते. म्हणून आम्ही मोघम लिहितो. हे सोडवायचं कसं, खरंच सांगा.

---

पुसदची_वकील

मी एका संस्थेच्या नीतीसमितीवर, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, कायद्याच्या बाजूने बसते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही पाळतो. वैद्यकीय संशोधनासाठीची आहेत, पण माणसांवरच्या सामाजिक आणि मानसशास्त्रीय अभ्यासालाही लावतात. समितीत डॉक्टर-प्राध्यापकांबरोबर एक वकील आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो.

लॅबमधला भाऊ, मोघम लिहिण्याबद्दल. काही गोष्ट लपवून अभ्यास करायला तत्त्वांत वाट आहे, पण ती अरुंद आहे. त्याशिवाय अभ्यास होतच नसेल, जोखीम फार नसेल, आणि काम झाल्यावर खरं काय ते सांगून माहिती वापरायची की नाही हे पुन्हा विचारणार असाल, तरच. इथे तर लपवायची गरजसुद्धा नाही. फोटो काढताना माणूस सावरून बसेल अशी भीती आहे ना? मग फोटो काढा, लगेच त्याच बैठकीत फोटो त्याच्या हातात द्या, हे कशासाठी वापरणार ते साध्या मराठीत वाचून दाखवा, आणि मग सही घ्या. नको म्हणाला तर त्याच्यादेखत पुसून टाका. यात तुमची माहिती कुठे बिघडते?

निरक्षर माणसाचा अंगठा घेताना निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो प्रकल्पाचा पगारी माणूस नको. म्हणजे दारव्हेकरीण ताई, तुम्ही साक्षीदार होऊ शकत नाही. आणि सरपंचाने किंवा ग्रामसभेने हो म्हटलं म्हणून गावाची संमती झाली, असं नाही. ती फक्त वेशीतून आत यायची परवानगी. प्रत्येक माणूस वेगळा विचारायचा. आपल्याकडे पाटलाच्या वाड्यावर बोलावणं आलं की नाही म्हणता येत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी गावात संशोधन करू नये असं माझं ठाम मत आहे. फोटो कुठे काढणार? ग्रामपंचायतीत, की रेशन दुकानाच्या ओट्यावर? जिथे धान्य मिळतं तिथे कॅमेरा लावला, तर म्हाताऱ्या बायांना वाटणार की फोटो दिला नाही तर रेशन बंद.

२०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घेणार नसाल तरच. कर्जवाल्या कंपनीचा पैसा या प्रकल्पात आहे का, ते आधी लेखी विचारा. असेल तर माझा सल्ला, काम घेऊ नका.

---

बेड्यावरून

वकील ताई, आभार. लॅबमधला दादा, तुमचा राग नाही. तुम्ही नावानिशी नाही तरी समोर येऊन बोललात.

एक सुचवतो. जमातीचा रकाना काढून टाका. आणि अभ्यास उलटा लावा: एकाच माणसाचे दोन फोटो घ्या, एक ठाण्यातल्या वहीत असतो तसा, दुसरा लग्नाच्या अल्बममधला. मग मोजा की त्याच माणसाचे गुण किती बदलतात. यात कोणाच्या चेहऱ्याची, जमातीची तुलना नाही. बघणारा कशाला फसतो तेवढं दिसतं. असं करणार असाल तर माझा फोटो घ्या. भावालाही विचारतो.

---

लॅबमधला

हे खरंच करण्यासारखं आहे. एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो पाहून मतं बदलतात यावर काम झालेलं आहे, पण आपल्याकडच्या ठाण्याच्या फोटोंच्या अंगाने मी तरी वाचलेलं नाही. मला यात पडायला आवडेल.

---

धुऱ्यावरचा

म्या मायले विचारलं. म्हटलं, तुहा फोटो शयरातल्या लोकायले दाखवतीन आन् ते सांगतीन का ही बाई कशी वाटते. ती म्हणे, "दाखव ना बावा. पण मंग त्यायनं काय सांगतलं ते मलेबी सांगशीन का? आन् त्यायचे फोटो मले दाखवतीन का?"

आता याचं उत्तर त्या विद्यापीठवाल्यायले विचारा ताई. मीबी पह्यले 'घ्या काम' म्हटलं होतं, आताही घ्याच म्हणतो, पण मायचा प्रश्न त्यायच्या कागदात पायजे. खेड्यातल्या लोकायनं बी शयरातल्या चेहऱ्यायले गुण देल्ले पायजे. गुण देणारे नेहमी तिकडचेच काहून?

---

दारव्हेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रकल्पप्रमुखांना काल रात्री मेल पाठवला. थोडक्यात काय लिहिलं ते इथे टाकते, म्हणजे पुढे कोणाला असं काम आलं तर उपयोगी पडेल.

ज्याचा चेहरा, तोही सहभागी, त्यालाही चार पानं. संमती फोटो काढल्यावर, वाचून दाखवून, आणि नकार दिला तर समोर पुसणं. फोटो घरी किंवा शाळेत काढायचे, रेशन दुकान आणि पंचायत नको. साक्षीदार प्रकल्पाबाहेरचा. जात-जमात नोंदवायची नाही. पैसा कोणाचा ते लेखी सांगायचं आणि फोटो-गुण यंत्र शिकवायला कोणालाही द्यायचे नाहीत. एकाच माणसाचे दोन फोटो ही बेड्यावरून दादांची कल्पना जोडली आहे, त्यांना श्रेय देऊन. गावातल्यांनीही शहरातल्या चेहऱ्यांना गुण द्यावेत, हे धुऱ्यावरचा दादांचं आणि त्यांच्या आईचं म्हणणंही लिहिलं. आणि निष्कर्ष छापण्याआधी गावात येऊन मराठीत सांगायचे. आपल्याला काय गुण मिळाले ते ज्याला हवं त्याला सांगायचं, ज्याला नको त्याच्यावर लादायचं नाही.

सकाळी फोन आला. दोन फोटोंची कल्पना त्यांना पसंत आहे, संमती फोटोनंतर घ्यायलाही तयार आहेत. जातीचा रकाना मात्र काढता येणार नाही म्हणाले, त्याशिवाय निधी देणारे मान्य करणार नाहीत. निधी कोणाचा, ते अजून सांगितलेलं नाही. या दोन्हींचं उत्तर लेखी येईपर्यंत मी होकार देत नाहीये.

---

पुसदची_वकील

बरोबर केलंत. नीतीसमितीच्या मंजुरीपत्राची प्रत पण मागा. मंजूर झालेल्या आराखड्यात जातीचा रकाना आहे की नाही, ते त्यात दिसेल. मंजुरीनंतर घुसवला असेल, तर तक्रार थेट त्याच समितीच्या सदस्य-सचिवांकडे करता येते. मसुदा मी लिहून देते, मला व्यक्तिगत निरोप टाका. आणि एक राहिलं: तुमच्या यादीत 'सज्ञान' म्हणजे १८ पूर्ण, हे जन्माचा किंवा शाळेचा दाखला पाहून ठरवा. कापूस वेचायला जाणाऱ्या पोरी पंधराच्या असल्या तरी घरचे अठराच्या सांगतात.